शिकणारे तुम्हीच आणा

“या वयात मला बाकावर बसवा. गळ्यात पाण्याची बाटलीही अडकवा.”

हे बोलणं आरशाशी चाललं होतं. न्हाणीघराचं दार इतकं पातळ, की आत दाढीचा ब्रश कुठल्या गालावर आहे तेसुद्धा बाहेर कळावं. बाहेर बाई इस्त्री केलेला शर्ट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. संसारात हे जमायला बराच काळ जावा लागतो.

“बाकावर नाही, खुर्चीवर,” त्या दाराला म्हणाल्या. “आणि एकच तास.”

“मला इंग्रजी येतं.”

“येतं म्हणूनच सांगतेय, येत नाही असं दाखवा.”

आत नळ सुरू झाला. यजमानांकडे उत्तर नसलं की नळ सुरू होई.

बाई मराठी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. निम्मं आयुष्य त्यातच गेलं. गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे; भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या त्या ‘इंग्रजीच्या बाई’. यजमान पंपांच्या कारखान्यात. पंपाला कान लावून त्याचं दुखणं सांगत, म्हणून त्यांना तिथे पंपसाहेब म्हणत. कंपनीने परदेशातल्या नव्या कारखान्यावर पाठवायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी राजीनामा देताना शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं होतं, “इंग्रजीच्या बाईला जगात कुठेही मरण नाही. तिकडे सामान सोडायच्या आत मला शाळा मिळते की नाही बघा.”

सामान सुटलं. कपाटात लागलं. रिकाम्या बॅगा पलंगाखाली गेल्या. शाळा मिळेना.

एका ठिकाणी म्हणाले, आम्हाला जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसं हवीत. बाई म्हणाल्या, जन्मापासून नाही, पण पाचवीपासून बोलतेय. तिकडून फोन ठेवला गेला. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत फारच छान झाली. शेवटी कळलं की ती बालवाडी आहे, आणि त्यांना इंग्रजीपेक्षा दुपारी मुलांना झोपवणारं कुणीतरी हवं आहे. बाई घरी आल्या आणि स्वतःच झोपल्या.

लेक होस्टेलवरून फोन करी. “आई, मिळालं का काही?”

“बोलणी चालू आहेत.”

“आणि बाबांचं ऑफिस?”

“उत्तम.”

“मग बाबा फोनवर का येत नाहीत?”

“दमतात गं.”

दमत होते खरे. संध्याकाळी येत ते धुऊन पिळलेल्या टॉवेलासारखे. घरमालकाचा फोन आला की “आवाज तुटतोय” म्हणून तो बाईंच्या हातात देत. बाईंच्या कानाशी मात्र तो आवाज धड असे. बाईंनी त्यावर कधी काही विचारलं नाही, यजमानांनी सांगितलं नाही, आणि लेकीला शंका आली तेव्हा तिने हवापाण्याची चौकशी केली.

अशात बाजाराच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानावर, इंग्रजीचा एक क्लास सापडला. मोठ्या माणसांसाठी. संचालिका केसांत चष्मा खोचून सगळीकडे चष्मा शोधणाऱ्यांतल्या होत्या. त्या म्हणाल्या, “एक तास शिकवून दाखवा. मी मागे बसेन. शिकणारे मात्र तुम्हीच आणा. आमचे विद्यार्थी फी भरतात, त्यांच्यावर प्रयोग नकोत. निदान तीन तरी हवेत. आणि वर्गात फक्त इंग्रजी.”

परक्या गावात तीन माणसं आणायची कुठून? बाईंना शेजारीपाजारी म्हणून दोघंच माहीत. एक वरच्या मजल्यावरची शिंपीण, जिच्याकडे इंग्रजीचे मोजून दहा शब्द होते आणि ती ते दहाही निर्भयपणे वापरी. दुसरा इमारतीचा रखवालदार, जो हातांनीच बोलायचा. दोघं आनंदाने तयार झाले; काय आहे ते दोघांनाही नीट कळलं नव्हतं. तिसरा माणूस घरातच होता, न्हाणीघरात, नळ सोडून.

तालीम झाली. “विषय सोपा घेतलाय,” बाई म्हणाल्या. “कामावर अडचण आली, ती साहेबांना कशी सांगाल? तुम्ही सांगायचं, पंप बंद पडलाय. दोनदा अडखळा. मग मी थोडी मदत करीन. मग घडाघडा बोला. म्हणजे माझ्या शिकवण्याने बोलायला लागलात असं दिसेल.”

“आणि पहिल्याच झटक्यात नीट बोललो तर?”

“तर माझी नोकरी गेली. तुमच्या हुशारीने माझं नुकसान करू नका म्हणजे झालं.”

यजमान शर्टाची वरची गुंडी लावत राहिले. ती केव्हाच लागलेली होती.

तास सुरू झाला. संचालिका मागे बसल्या. बाई वर्गात शिरल्या आणि यजमान सवयीने उठून उभे राहिले. बाई वर्गात आल्यावर उठायचं नाही तर काय करायचं? ते उठले म्हणून शिंपीण उठली. शिंपीण उठली म्हणून रखवालदार गुडघे धरून उठला. बाईंनी सगळ्यांना बसवलं. पण मग तिघांना वाटलं की इथली पद्धतच अशी आहे. बाईंनी नुसतं बघितलं तरी तिघं उभे. त्यात बाईंचा हात आपोआप वर गेला आणि शाळेतल्यासारखं ‘सगळे माझ्यामागून म्हणा’ सुरू झालं. शिंपीण इतक्या मोठ्याने म्हणू लागली की खालून चपलांच्या दुकानदाराने छताला काठी ठोकली.

मग एकेकाची पाळी. शिंपिणीने दहा शब्दांत सांगितलं की मशीन मेलं, गिऱ्हाईक रागावलं, चहा दिला. रखवालदाराने अडकलेली लिफ्ट हातांनी अशी उभी केली की संचालिका हसल्या. बाईंना धीर आला.

यजमान उठले.

“पंप,” ते म्हणाले. आणि थांबले.

छान, बाई मनात म्हणाल्या. पहिली अडखळ.

“पंप इज,” यजमान म्हणाले, आणि पुन्हा थांबले. दुसरी. बाईंनी ठरल्याप्रमाणे हलकेच एक शब्द पुढे केला. यजमानांनी त्या शब्दाकडे, गाडी सुटल्यावर फलाटावरचा माणूस बघतो तसं बघितलं. पुढे काहीच नाही. कपाळावर घाम आला. कान लाल झाले. बाई थांबल्या. दुसरा शब्द दिला. पुन्हा थांबल्या. नाटक इतकं हुबेहूब वठत होतं की त्यांना कौतुकही वाटलं आणि धडकीही भरली. घडाघडा बोलायची वेळ केव्हाच टळून गेली होती. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“अहो, पुरे. किती ताणताय,” त्या म्हणाल्या, चांगल्या खणखणीत मराठीत.

संचालिकांनी मान वर केली. “ही कुठली भाषा? तुम्ही ओळखता यांना?”

“हजबंड,” शिंपिणीने आपल्या दहांतला एक शब्द आनंदाने खर्च केला. “गुड मॅन.”

बाईंना वाटलं, खालची फरशी फाटावी आणि आपण थेट चपलांत पडावं. पण संचालिका नुसत्याच उठून पुढे आल्या.

“नवरा आणू नका असं मी म्हटलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “ती उठबस बंद करा. सगळ्यांनी एकदम ओरडणंही बंद. पण हा माणूस अडला, तेव्हा तुम्ही किती वेळ थांबलात. वाक्य त्याच्या तोंडात कोंबलं नाहीत. आमचे तरुण शिक्षक कोंबतात. संध्याकाळचा नवख्यांचा वर्ग तुमचा. फक्त यांना पहिल्या रांगेत बसवा. सगळ्यात जास्त गरज यांनाच आहे.”

बाईंना हसू फुटलं. इतक्या दिवसांचं साठलेलं हसू. “अहो मॅडम, ते नाटक होतं. ह्यांचं रोजचं ऑफिस इंग्रजीतच चालतं. मीच सांगितलं होतं ह्यांना, जरा अडखळा म्हणून.”

कुणीच हसलं नाही. यजमान अजून उभेच होते; बाईंचं सावकाश इंग्रजी त्यांना कळलं होतं.

“अगं,” ते म्हणाले. त्या तासात पहिल्यांदाच ते न अडखळता बोलत होते, आणि तेही मराठीत. “मी नाटक करत नव्हतो.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“वाचलेलं कळतं मला. बोललेलं नाही कळत, आणि बोलायला गेलो की शब्द सापडत नाहीत. सगळे भरभर बोलतात आणि मी मान हलवतो. आल्यापासून हेच चाललंय.”

“नुसती मान?”

“परवा अशीच हलवली, तर पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार आहेत, त्यांच्यापुढचं भाषण माझ्याकडे आलंय.”

“मग नाही म्हणायचं. घरी येऊन मला तरी सांगायचं.”

“काय सांगू?” यजमान म्हणाले. “तू तुझी शाळा सोडून माझ्यामागे आलीस. आणि मलाच इथे जमत नाहीये, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?”