उलटीला टाळ्या

गुळ्ळक्!

शांत घरात एवढाच आवाज झाला आणि मी हातातलं लाटणं टाकून, निळी बादली उचलून बेडरूमकडे धावले. दारात पोचल्यावर लक्षात आलं, की रीमा शाळेत आहे, यतीन ऑफिसात आहे आणि घरात माझ्याशिवाय चिटपाखरूही नाही. आवाज पाण्याच्या फिल्टरचा होता. टाकी भरली की तो असाच ढेकर देतो. गेली चार वर्षं देतोय!

पण तुम्हाला सांगते, याला घाबरणं म्हणत नाहीत. याला तयारी म्हणतात.

सिल्व्हर पार्कातल्या आमच्या सोसायटीत पंधरा दिवसांपासून उलट्या-जुलाबांची साथ होती. आधी बी विंग आडवी झाली, मग ए. आमच्या सी विंगचा तळमजला पडला, पहिला पडला, आणि आता तो विषाणू दुसऱ्या मजल्यावर दम खात बसला होता. आम्ही चौथ्यावर. त्यात लिफ्ट नुकतीच दुरुस्त झालेली, म्हणजे त्याला जिने चढायचेही कष्ट नाहीत!

मी यतीनला छातीठोकपणे सांगितलं होतं, "अख्खी सोसायटी पडली तरी आपलं घर पडणार नाही. लिहून घे!" आणि कामाला लागले. प्रत्येक खोलीत एकेक बादली. बाहेरून आल्यावर कोपरापर्यंत साबण, कारण सॅनिटायझरला हा विषाणू भीक घालत नाही म्हणे. दाराच्या कड्या पुसून पुसून त्यांचा मुलामा निघाला. पालक इतक्या वेळा धुतला, की तो शिजायच्या आधीच शरण यायचा.

"दुधाची पिशवी साबणाने धुतलीस, समजू शकतो," यतीन म्हणाला. "पण सुचेता, माझा चष्मा कुकरमध्ये?"

"शिट्टी दिली नव्हती," मी म्हटलं.

हसा तुम्ही. पण गेल्या वर्षी रीमाला असंच झालं होतं आणि दोन दिवस सलाईन लावावं लागलं. तिचा हात हलू नये म्हणून नर्सने त्याला एक पट्टी बांधली होती. ही बया त्या पट्टीला बाळ समजून दुसऱ्या हाताने थोपटत होती. "रडू नको हं, सुई गेली," असं तिलाच सांगत होती. ते थोपटणं अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून बादल्या.

आणि त्यात शनिवारी तिचा पाचवा वाढदिवस! सोसायटीतल्याच आठ मुलांना आमंत्रणं गेलेली. प्रत्येकावर तिने स्वतः चित्र काढलेलं. तो केक होता की हत्ती, हे शेवटपर्यंत कळलं नाही. साथीत आठ पोरं घरात आणायची की नाही, यावर आमच्या घरी रोज बैठक बसायची. शेवटी ठरलं, शुक्रवारपर्यंत आपल्या घरात सगळं ठीक असेल तर वाढदिवस होणार. रीमाने ते ऐकलं आणि तेव्हापासून ती शिंकायचीसुद्धा उशीत तोंड खुपसून!

तर तो शुक्रवार उजाडला होता, आणि फिल्टरचा तो ढेकर सोडला तर घरात कोणाच्याच पोटातून हूं की चूं नव्हतं. बारा वाजता मी विजयी मुद्रेने शाळेच्या गेटवर उभी राहिले. रीमा धावत आली. दोन्ही वेण्या सुटलेल्या, चेहरा लाल.

"आई! आई! मी आज उलटी केली!"

माझ्या पायाखालचा अख्खा मीरा रोड सरकला.

"कधी? किती? पोटात दुखतंय का?"

"दोनदा केली. एकदा जागेवर आणि एकदा हिना मिसने सगळ्यांच्या समोर उभं करून करायला लावली."

"काय? सगळ्यांच्या समोर?"

"हो! मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

अंगातलं पाणी कमी झालं की माणूस बरळतो, हे मी वाचलं होतं. मी तिच्या कपाळाला हात लावला. गार! गार म्हणजे तर अजूनच वाईट, असं मला त्या क्षणी वाटलं.

"प्रणितने पण केली," ती उत्साहात म्हणाली. "पण त्याची मधेच अडकली. माझी एकदम पटापट झाली!"

तेवढ्यात मला तिच्या मनगटावरचा शिक्का दिसला. जांभळा, चांदणीचा.

"हा कसला गं?"

"उलटी केली म्हणून मिसने दिला."

बस! लॉकडाऊनमध्ये हातावर शिक्के मारून माणसं घरी पाठवायचे, ते मला आठवलं. शाळेने पुन्हा सुरू केलं तर! आणि वर चांदणी, म्हणजे पोरांना संशय नको!

मी रस्त्यातूनच हिना मिसना फोन लावला. मागे व्हॅनचे हॉर्न, पोरांचा कल्ला.

"मिस, रीमा ने आज क्लास में उलटी की?"

"हां जी! बहुत बढ़िया की! पूरे क्लास में बेस्ट!"

"और बाकी बच्चों ने?"

"सब से करवाई मैंने. कुछ बच्चों की बीच में अटक गई. आप घर पे भी रोज़ करवाइए ना, सुबह-शाम, आदत हो जाएगी!"

मी फोन ठेवला. इतकी फी भरून आपण पोरांना कोणाच्या हाती देतोय, देवा!

रीमाला उचललं, तिच्या हनुवटीखाली भाजीची पिशवी धरली आणि सुसाट सुटले. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आमच्या समोरच्या हंसाबेन. उद्याचं खमण त्याच करणार होत्या, साठ तुकडे.

"अरे सुचेता, शूं थयूं? आ थेली केम?"

मी काहीतरी थाप मारणार, तोच पिशवीतून आवाज आला, "हंसाआंटी, मी उलटी केली! तुम्हाला करून दाखवू?"

हंसाबेन दुसऱ्या मजल्यावरच उतरल्या. जिथे विषाणू बसला होता तिथे! बाईंना त्याची सोबत आमच्यापेक्षा बरी वाटली.

आम्ही चौथ्यावर पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडलं होतं: 'सी-४०२ में भी आ गया. बच्ची बहुत सीरियस.' मग मीही लिहिलं, 'उद्याचा रीमाचा वाढदिवस रद्द. क्षमस्व.' पाठवताना डोळे भरून आले. मग यतीनला फोन केला.

"तिने उलटी केली."

"निघतो," एवढंच म्हणाला तो. माणूस तसा चांगला आहे.

रीमाला पलंगावर झोपवून भोवती तिन्ही बादल्या मांडल्या आणि मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजायला घेतलं.

"आई, मला भूक लागली. वरणभात दे ना."

"नाही राजा. ती खरी भूक नसते."

"मग खोटा वरणभात दे!"

बेल वाजली. कृष्णाबाई. दर शुक्रवारी पालीच्या किनाऱ्यावरून मासळी घेऊन येतात आणि आमच्याच उंबऱ्यावर पाटी टेकवून पाच मिनिटं बसतात.

"आत येऊ नका कृष्णाबाई! रीमाला उलट्या होतायत!"

त्यांनी दारातूनच मान लांब करून बघितलं. "हिला? ही तर पलंगावर नाचते. आजारी पोराचं तोंड असं न्हाय दिसत. भूक लागली हाय तिला, खायाला घाल."

"अहो, शाळेत दोनदा केलीय तिने!"

"कृष्णाआजी, करून दाखवू?" रीमा ओरडली.

"दाखव गो."

"नको!" मी किंचाळले आणि लाल बादली तिच्या तोंडाला लावली. एका हाताने पाठ चोळायला लागले. नेमका तेव्हाच यतीन दारात आला. नाकाला रुमाल, एका हातात तीन शहाळी, दुसऱ्या हातात ओआरएसची अख्खी माळ. आम्ही तिघं श्वास रोखून उभे.

बादलीतून घुमत आवाज आला:

"ट्वेंटी! नाइन्टीन! एटीन! सेव्हन्टीन...!"

'वन'पर्यंत पोचून रीमाने बादलीतून डोकं वर काढलं आणि टाळ्यांची वाट बघत आमच्याकडे पाहिलं.

उलटी गिनती! हिंदीतली ती उलटी गिनती, वीसपासून एकपर्यंत. आमच्या घरी कोणी 'गिनती' म्हणत नाही, म्हणून पोरीने अनोळखी शब्द शाळेतच ठेवला आणि ओळखीचा तेवढा घरी आणला!

कृष्णाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाल्या, "बोंबील घेतेस का आता? का त्यांना पन उलटं टांगू?"

यतीन शहाळ्यांसकट जिन्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मी हसले नाही. मी रीमाला इतकं घट्ट धरलं, की ती म्हणाली, "आई, आता खरंच होईल!"

आता फक्त ग्रुपवर खुलासा करायचा होता. दोन मिनिटांचं काम! मी लिहिलं, 'रीमा एकदम ठीक है. उसने उलटी नहीं, उलटी गिनती की थी. पार्टी होगी.'

पहिलं उत्तर आलं, 'गिनती मत करो जी, डॉक्टर को दिखाओ.'

मी लिहिलं, 'अरे नहीं, बीस से एक तक!'

'बीस???'

'बीस उलटी! हे भगवान!' हंसाबेन.

'इक्कीस से ज़्यादा हो तो तुरंत एडमिट करना,' बी विंगमधल्या एका काकांनी कळवलं. असा कुठला नियम आहे, ते त्यांनाच ठाऊक.

मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात रीमा मागून ओरडत होती, "मी परत उलटी करू?" मग यतीनने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही फुगे फुगवून, फुलांची रांगोळी काढून तयार बसलो. रीमाने नवा पिवळा फ्रॉक घातला होता. साडेपाच झाले. बाहेर पावलं वाजली की ती दाराकडे धावायची. पावलं यायची, थांबायची आणि धावत परत जायची. दार उघडलं की कडीला एकेक पिशवी. शहाळं. डाळिंबं. प्रणितच्या आईकडून गुंडाळलेली भेट आणि 'गेट वेल सून'चं कार्ड. साठ खमणांऐवजी हंसाबेनकडून मऊ खिचडीचा डबा, वर चिठ्ठी: 'डब्बा वापस मत करना.'

सात वाजता आम्ही तिघांनीच केक कापला. आठ जणांसाठी आणलेल्या टोप्या यतीनने एकावर एक स्वतःच्याच डोक्यावर चढवल्या. रीमा खूप हसली. मग केकचा तुकडा हातात घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली.

"प्रणित का नाही आला?"

"त्यांना वाटलं, तू आजारी आहेस."

"पण मी तर बरी होते."

"हो गं."

"बाबा पण बरा होता?"

"बाबा पण."

यतीन लगबगीने प्लेट्स उचलून स्वयंपाकघरात गेला. टोप्या तशाच डोक्यावर. रीमाने बोटावरचं क्रीम चाटलं, माझी हनुवटी चिकट हाताने स्वतःकडे वळवली आणि अगदी काळजीने विचारलं,

"मग आजारी कोण होतं?"