मोडककाकांचा हस्तिदंत

घरात कुठलीही पांढरी वस्तू दिसली, की आमचे नॉटिंगहॅमचे शेजारी मोडककाका खिशातून भिंग काढतात. सुरीची मूठ, बुद्धिबळातला उंट, पियानोच्या पट्ट्या, काहीही चालतं. ‘हाड की दात?’ असं स्वतःलाच विचारत ते वस्तू खिडकीपाशी नेतात. मग निकाल. बहुतेक वेळा ‘प्लॅस्टिक.’

लंडनमधल्या एजवेअरच्या साठ्यांनी एकदा आजोबांचा हस्तिदंती गणपती कौतुकाने दाखवला. काकांनी भिंग लावलं. ‘हे बारीक काळे ठिपके दिसतात? हाड आहे. बहुतेक म्हशीचं.’ साठेवहिनींनी त्यांना दुसरी पुरणपोळी वाढली नाही.

गाडीत नलूकाकू म्हणाल्या, ‘अहो, लोकांचा देव तरी सोडा.’

‘देव कुठे नाकारला मी? फक्त मटेरियल सांगितलं.’

काका रिटायर्ड डेंटिस्ट. इंग्लंडला येण्याआधी काही वर्षं ते बगदादच्या एका हॉस्पिटलमध्ये होते. तिथला सहकारी फारूक त्यांना सुट्टीच्या दिवशी म्युझियममध्ये न्यायचा. असिरियन राजांच्या महालातल्या पलंग-खुर्च्यांवर जडवलेले हस्तिदंताचे कोरीव तुकडे तिथे होते. त्यातला एक काकांचा लाडका. वासरू पितंय आणि गाय मान वळवून त्याला चाटतेय. ‘अडीच हजार वर्षांच्याही आधी, अगं, आणि तेही दातावर. मला साधी कॅव्हिटी भरताना घाम फुटायचा.’

२००३ मध्ये बगदाद पडलं आणि म्युझियम लुटल्याची बातमी आली. काका टीव्हीसमोरून हलेनात. जेवण अर्धं टाकायचे. कामावरून येताना मी रोज डोकावायचे.

‘काही कळलं, काका?’

‘हस्तिदंतांचं काहीच सांगत नाहीत गं.’

आमच्या मंडळात कुजबुज झाली, की तिथे माणसं मरताहेत आणि ह्यांना दातांची पडलीय. मलाही तसंच वाटायचं.

पुढे एका रविवारी मी काकूंना मेथी द्यायला गेले असताना फोन वाजला. काकांनी उचलला, ‘फारूक?’ म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. तिकडचे फोन बंदच होते. कुणा परदेशी पत्रकाराने फारूकला आपला सॅटेलाइट फोन मिनिटभर दिला होता. काका जमेल तशा अरबीत आणि इंग्लिशमध्ये भराभर विचारत होते. बायको कशी आहे? मुली? पाणी येतं का? मग फोन कट झाला.

‘सगळे आहेत,’ काका म्हणाले. ‘घराच्या काचा गेल्या, तेवढंच.’

‘आणि गाय-वासरू? ते विचारायचं राहिलंच ना?’

‘राहिलं नाही, विचारायचंच नव्हतं.’ काकांनी चष्मा सदऱ्याला पुसला. ‘रोज फारूकचं नाव घ्यायचा धीर होत नव्हता गं. म्हणून हस्तिदंताचं बोलायचो.’

काकू कुकर लावायला उठल्या.

‘नलू,’ काकांनी पायरीवरूनच हाक मारली, ‘भात जरा जास्त लाव. भूक लागलीय.’