आधी बारसं, मग कांदेपोहे

सोमनाथ धात्रक स्वतःची ओळख करून द्यायला लागले की ऐकणाऱ्याने चहा मागवून घ्यावा. 'उत्तर महाराष्ट्रातला एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर' इथून सुरुवात व्हायची. आपल्या नजरेतून माशी सुटत नाही, आणि ती माशी सकाळी कुठे बसली होती तेही आपण सांगू शकतो, इथपर्यंत मजल जायची. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या इन्व्हर्टरच्या दुकानावर 'गुप्तहेर' अशी हातभर अक्षरांची पाटी होती. गुप्त होतं ते फक्त त्यांचं उत्पन्न.

चंदर हा त्यांचा सहायक, म्हणजे बायकोचा भाऊ. 'नोकरी लागेपर्यंत दाजींकडे बस,' असं बहिणीने सांगितलं होतं, त्याला चार वर्षं झाली. एवढ्या काळात दाजींनी शोधून काढलेली एकमेव वस्तू म्हणजे त्यांचीच चोरीला गेलेली स्कूटर, जी त्यांनीच दुरुस्तीला टाकली होती.

दोन हजार सात सालच्या मार्चमध्ये पल्लवी दुकानात आली.

"तुमच्या चपलांना लाल माती आहे," दाजी डोळे बारीक करून म्हणाले. "तुम्ही डोंगरातून आलात."

"समोरचा रस्ता खणलाय," पल्लवी म्हणाली.

देवळाली कॅम्पच्या किशोरशी तिचं लग्न ठरत आलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती झाली, फक्त याद्या व्हायच्या राहिल्या होत्या. आणि परवा किशोरच्या आईचा, कमळाबाईंचा निरोप आला: जमणार नाही, कारण विचारू नका. किशोरही आईसमोर गप्प.

"मुलगा आवडला होता?" चंदरने विचारलं.

"खूप," पल्लवी म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "मला दुसरं कुणी बघायचंच नाही."

चंदरला वाईट वाटलं. दाजींना आनंद झाला. "कुणीतरी भांजी मारलीय," ते म्हणाले. "पोहे कुणी केले होते?"

"आईने."

"लिहून घे, चंदर. पहिली संशयित."

पोह्यांनंतर संशय मध्यस्थावर गेला, तिथून फोटोग्राफरवर, आणि तिथून पल्लवीच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर, कारण ते कार्यक्रमाच्या दिवशी भुंकलं नव्हतं. ते मागच्या वर्षीच मेलंय, असं कळल्यावर दाजींचा संशय जास्तच वाढला. शेवटी पल्लवी म्हणाली, की आपण लिहितो, आणि आपलं लिखाण कुणाच्या डोळ्यांत खुपत असेल.

'उंबरठ्याची वसुधा' नावाची एक मालिका चॅनेलने अर्ध्यात बंद केली होती. वसुधाला स्थळं बघायला लागले, तोच कारभार आटोपला. पुढची गोष्ट पल्लवी इंटरनेटवर, स्वतःच्या ब्लॉगवर लिहीत होती, दर आठवड्याला एक भाग. सगळे कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेले. भागांची नावं होती 'काहूर', 'पुन्हा काहूर', 'काहुरानंतर'.

"भागांना नंबर का नाहीत?" चंदरने विचारलं.

"साहित्य आहे ते," पल्लवी म्हणाली. "रेशनची रांग नाही."

चंदरची सहानुभूती निम्म्यावर आली.

दाजी वरून वाचत खाली आले आणि त्यांनी घाम पुसला. "भयंकर बाई आहे ही वसुधा. आधी मुलाचं बारसं करते, मग लग्न करते, आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याला नाव विचारते. ही सांकेतिक भाषा आहे." मग त्यांचं बोट वाचकांच्या प्रतिक्रियांवर थबकलं. प्रत्येक भागाखाली तेच वाक्य होतं: 'पोरी, अनुक्रमणिका टाक, नाहीतर पस्तावशील. साळूबाई, नांदगाव.'

"धमकी," दाजी कुजबुजले. "गुन्हेगारी जगतात अनुक्रमणिका म्हणजे खंडणी."

"कोण म्हणतं?"

"माझा अभ्यास आहे."

दुसऱ्या दिवशी तिघं रेल्वेने नांदगावला निघाले. दाजींनी खोटी दाढी लावली होती. मनमाडला ती चहात पडली. नांदगावात 'कम्प्युटरवाली साळूबाई' विचारताच लोकांनी घर दाखवलं. धान्याच्या व्यापाऱ्याची ही बायको दुपारच्या वेळी झोपाळ्यावर बसून खारे दाणे खात होती. मुलाने व्यापारासाठी घेतलेला कम्प्युटर तिने गोष्टींसाठी बळकावला होता.

"किती खंडणी मागणार होतात?" दाजींनी सरळ हल्ला केला.

साळूबाईने त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं आणि चंदरला विचारलं, "याचं डोकं ठिकाणावर हाय ना?"

"माझे दाजी आहेत."

"मंग इलाज नाय." ती पल्लवीकडे वळली. "पोरी, मी पयल्या भागापासून वाचते, मला कळतं. पण नवा माणूस आला तर? तिथं नवं ते वर अन् जुनं ते खाली. वरून वाचलं तर तुझी वसुधा आधी बाळंत होते, मंग लगीन करते, मंग पोहे घेऊन येते. अन् सासू? आधी लेकीवानी जीव लावते, शेवटाला घराभाईर काढते. लय वंगाळ पोरगी अन् लय वंगाळ सासू. किती डाव सांगितलं, आधी कोणतं अन् मंग कोणतं ते वर मांड. तुला वाटलं, म्हातारीला काय कळतं."



"पल्लवीताई," चंदरने हळूच विचारलं, "किशोरच्या घरी एवढ्यात नवीन कुणी वाचलंय का?"

पल्लवीचा चेहरा उतरला. तिने तिथूनच किशोरला फोन लावला. आईचं नाव निघताच तो आधी अडखळला, मग एका दमात सगळं बोलून गेला. कौतुकापोटी त्याने अख्खी गोष्ट छापून आईला दिली होती, पडद्यावर जशी दिसली तशीच. कमळाबाईंनी ती इमानदारीने पहिल्या पानापासून वाचली. आधी बारसं करून मग ओळख काढणारी नायिका जिला सुचते, आणि शेवटी शेवटी जी सासूची कैदाशीण करून ठेवते, ती मुलगी त्यांना घरात नको होती.

"मला पहिल्यापासून हाच संशय होता," दाजी म्हणाले.

"कुत्र्याच्या आधी की नंतर?" चंदरने विचारलं.

साळूबाईने पल्लवीला कम्प्युटरसमोर बसवलं आणि अनुक्रमणिका टाकल्याशिवाय उठू दिलं नाही. नंबर देताना साहित्याला काही इजा झाली नाही. किशोरने त्या क्रमाने पुन्हा छापून कागद आईपुढे ठेवले, आणि दोन दिवसांनी कमळाबाईंचा पल्लवीच्या घरी फोन आला. "सासू सुधारते की शेवटी," त्या म्हणाल्या. याद्यांची तारीखही त्यांनीच सांगितली. पल्लवी त्या दिवशी रडली, आणि चंदरची उरलेली सहानुभूती परत आली.

दाजींनी या विजयाची कथा स्वतःच्या नव्या ब्लॉगवर, नावागावांसकट, तीन भागांत लिहिली. पहिल्यात पसंती, दुसऱ्यात मोडलेलं लग्न, तिसऱ्यात जुळलेलं. चंदरने अनुक्रमणिकेचं नाव काढलं.

"रहस्यकथेला अनुक्रमणिका?" दाजी तुच्छतेने हसले. "वाचकालाही डोकं असतं."

लग्नाच्या आठवडाभर आधी दाजी आणि चंदर कमळाबाईंकडे इन्व्हर्टर बसवायला गेले, कारण गुप्तहेरगिरीतून मिळालेली पहिली ऑर्डर तीच होती. तेवढ्यात फोन वाजला. कमळाबाईंचा धाकटा भाऊ मालेगावहून बोलत होता, आणि घाबरून एवढ्या मोठ्याने बोलत होता की खोलीभर ऐकू आलं. "ताई, इंटरनेटवर आलंय. लग्न जुळलं, मग मोडलं, आणि आता म्हणे नुसती पसंती झालीय. वऱ्हाडाची गाडी रद्द करू का?"

चंदरने दाजींकडे पाहिलं. दाजी बॅटरीत पाणी किती आहे ते फार बारकाईने तपासत होते.

कमळाबाईंनी एक सुस्कारा सोडला. "अरे, खालून वर वाच," त्या म्हणाल्या. "आणि गाडी राहू दे."