गुलाबाच्या पानांचं इन्स्पेक्शन

"जरा बघ रे, गुलाबाची पानं कशाने खाल्लीत," स्वप्नाली म्हणाली. निरंजनने नुसतं बघायचंच ठरवलं होतं, देवाशप्पथ! पण चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेला माणूस नुसतं बघत नाही. तिथे मूळ कारण सापडेपर्यंत 'का, का' विचारत राहायची सवय लागलेली. त्याने मोजायला व्हर्नियर आणला.

कुंडी आकुर्डीच्या त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत होती आणि गुलाब स्वप्नालीच्या माहेरचा. (म्हणजे घरात त्याला निरंजनपेक्षा मान जास्त.) पानांच्या कडेला अर्धगोल काप होते, सगळे एका मापाचे. पानांमागे अळी नाही, मावा नाही, जाळं नाही. निंबोळी तेल फवारून झालं, तरी रोज नवीन काप.

"कीड इतकं नीट काम करत नाही," निरंजन म्हणाला. "आमची पत्रा कापायची प्रेससुद्धा करत नाही. हे कात्रीचं काम आहे."

आणि कात्री होती शेजारच्या गॅलरीत, सुमनताईंच्या हातात. त्या दुपारभर कागदी फुलं कापत बसायच्या. मधे फक्त एक जाळी.

"वेड लागलंय का तुला?" स्वप्नाली उसळली. " आपण शिफ्टला गेलो की आपल्या चिऊला त्याच सांभाळतात. एक शब्द बोललास ना, तर बघ!"

निरंजन खरंच काही बोलणार नव्हता. रविवारी सुमनताई चहाला आल्या, तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, "ताई, तुमच्या कात्रीचं पातं मोजू का?"

"कशाला?"

"पानांच्या कापाशी जुळतंय का बघतो."

सुमनताईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी तुमची पानं चोरते? उद्यापासून चिऊची सोय दुसरीकडे बघा, निरंजनराव."

दार धाडकन लागलं. उद्या दोघांचीही फर्स्ट शिफ्ट. स्वप्नाली ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती सुमनताईंचा कप विसळायला घेऊन गेली. तो गुपचूप गॅलरीत जाऊन कुंडीसमोर बसला.

तेवढ्यात एक काळपट मधमाशी पानावर उतरली. तिने करकर गोल काप घेतला, तुकडा पोटाशी धरला आणि थेट कपडे वाळत घालायच्या पाइपात शिरली.

"ताई! चोर सापडला!" निरंजन जाळीतून किंचाळला.

सुमनताई आल्या, पण हातात कात्री घेऊनच. पाइपात हिरव्या सुरळ्या ठासून भरल्या होत्या. स्वप्नालीने मोबाइलवर शोधलं: पानं कापणारी मधमाशी, पिल्लांसाठी घरटं करते, झाडाला धोका नाही, औषध नको.

"आता तुमच्या कंपनीसारखं करू," ती म्हणाली. "पानं का कापली?"

"घरट्यासाठी."

"घरटं पाइपात का?"

"टोकं उघडी आहेत."

"का उघडी आहेत?"

निरंजनने ड्रॉवरकडे बघितलं. पाइप त्यानेच बसवला होता. टोपणं 'उद्या लावतो' म्हणून दिवाळीपासून ड्रॉवरमध्ये पडली होती.

सुमनताईंना हसू आवरेना. "चिऊला पाठवा उद्या. तुम्हाला माफ केलेलं नाही हं, पोरीसाठी म्हणतेय."

निरंजनचा जीव भांड्यात पडला. "टोपणं आत्ता लावतो!"

"हात लावू नकोस," स्वप्नाली म्हणाली. "आत पिल्लं आहेत. ती उडून जाईपर्यंत पाइपावर कपडे घालायचे नाहीत."

"मग कपडे?"

संध्याकाळी निरंजन दोन्ही हात पसरून, ओला शर्ट धरून उतरत्या उन्हात उभा होता. जाळीपलीकडून सुमनताईंनी मान तिरकी करून बघितलं.

"डावी बाही खाली आलीय, निरंजनराव. मापात धरा."