घरचा आणि विकतचा

आमचा दोस्त दौलत दर रविवारी दोन कॉम्प्युटर समोरासमोर मांडून त्यांची बुद्धिबळाची झुंज लावते आणि स्वतः मधल्या खुर्चीवर घामाघूम होऊन बसते. डोक्यावर पंखा फुल असला तरी.

एका कॉम्प्युटरात दौलतनं स्वतः लिहिलेला प्रोग्राम, त्याचं नाव घरचा. दुसऱ्यात दुकानातून आणलेला, तो विकतचा. त्या दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही, म्हणून याची चाल त्याच्यात दौलत टाकते आणि लाकडी पटावर सोंगट्या मी हलवतो. मी चौथी शिकलेला. पण बडनेऱ्यात मला हरवणारा माणूस नव्हता. दौलत म्हणते, तो मला हरवत होता. त्याचं ऐकू नका.

दौलत रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. झुंज सुरू झाली की दाराला लाल टॉवेल अडकवते. मग सुनेलाही आत यायची बंदी.

"खोकू नको बे, घरचा विचार करून राहिला."

विकतचा विचार करत असला की खोकायला मोकळीक.

दिवसाला दहा डाव. आधी घरचा त्यातले तीनचार बरोबरीत सोडवायचा. दिवाळीपासून एकही नाही. हरला की दौलत त्यात दुरुस्ती करायचा, आणि पुढच्या रविवारी घरचा आणखी वाईट खेळायचा.

"हारला तं हारला," मी म्हटलं. "तो विकतचा पैलवान हाय."

"तो जेवढा हाय तेवढाच हाय, दामू. माही मोजपट्टी हाय ते. घरचा घसरला म्हंजे मी घसरलो."

मग दाराकडे पाहत हळूच म्हणाला, "अकोल्याचा डॉक्टर म्हने, विसरायचा आजार हाय. घरी बोलू नको."

मी हसण्यावारी नेलं. तेवढ्यात त्यानं पटावरचा घोडा उचलला, उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "हा कसा चालते?"

मी तो अडीच घरं चालवून दाखवला.

गेल्या रविवारी तिसऱ्या डावात घरच्यानं भलतंच केलं. त्याच्या राजानं घोड्यासारखी उडी मारली. विकतचा ती चाल घेईना, लाल अक्षरं दाखवत बसला. दौलतचा चेहरा उतरला.

"संपलं. आता याले राजाबी चालवता येत नाही."

मी मात्र ती चाल ओळखली. आमच्या गावाकडे, चांदूर बाजारला, राजाला डावात एकदा अशी उडी मारू देतात. चाळीस वर्षं त्या नियमासाठी मी दौलतशी भांडलो, आणि चाळीस वर्षं यानं 'गावठी चाल' म्हणून माझा राजा उचलून मागं ठेवला.

"दाखव, काय लिवलं यात," मी म्हटलं.

त्यानं उघडलं. मुंग्यांसारख्या इंग्रजी रांगांत एकच ओळ मराठीत होती. मी अक्षर अक्षर जोडून वाचली. राजाची उडी. दामूसाठी. काढू नये.

"हे कोनं लिवलं?" दौलतनं विचारलं.

"तूच. गेल्या दुरुस्तीत."

"मी?" तो माझ्या तोंडाकडे भेदरून पाहत राहिला. मला त्याच्याकडे पाहवेना.

मी विकतचा बंद केला आणि सोंगट्या पुन्हा मांडल्या.

"आज घरच्याशी मी खेळतो. तू त्याच्या चाली सांग."

"हारशील."

"पाहू."

दहाव्या चालीला मी माझ्या राजाची उडी मारली. घरच्यानं बिनबोभाट मान्य केली. दौलतनं नाक मुरडलं.

"गावठी चाल," तो म्हणाला.

तेवढं त्याच्या ध्यानात होतं. मी मान वर न करता म्हटलं, "आनखी एकदा म्हन."