शाळेची राखण आन् उशिराची माफी

मला बिमार म्हणलेलं चालत न्हाई. ताप येतो, खोकला येतो, ते ठीक हाय, पण बिमार ती माणसं येगळी. म्हणून कोरोनाच्या साली शाळेतनं सुटून घरी चाललो तवा पारावर बसलेल्या व्यंकटी सरपंचानं इचारलं, "मल्लिनाथ, आता बरं वाटतंय का?" तर मी तिथल्या तिथं म्हणलं, "मला काय झालंय? मी शाळेची राखण करायला गेलतो."

एवढंच बोललो. हाव म्हणून पुढं गेलो आसतो तर ही गोष्टच झाली नसती.

शाळेचं असं की त्या साली आमच्या गावात ज्याला कोरोना झाला त्याला शाळेत नेऊन ठेवत व्हते. मला पाचवीच्या वर्गात खाट दिली. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. (गुरुजीला उलटून बोललो व्हतो. चूक गुरुजीची व्हती.) पाचवीच्या वर्गात शेवटी बसलो ते कोरोनामुळं, आन् तेबी झोपून.

त्यातबी नशीब बघा. बाजूच्या खाटेवर शरणप्पा.

शरणप्पा म्हंजे माझ्या बायकोचा, जगदेवीचा, मावसभाऊ. आमची सोयरीक त्यानंच जमवली, तवाच मला कळाय पाहिजे व्हतं. त्याचं शेत आधी लागतं आन् माझं त्याच्या पल्याड. आजोबाच्या काळापासनं आमची बैलगाडी त्याच्या बांधाकडनं जायची. एक दिस ह्यानं वाटंवर बाभळीचा काटा लावला. म्हणला, "दाजी, ही वाट कागदावर न्हाई." मी म्हणलं, "तुझं डोकंबी कागदावर न्हाई, पण हाय म्हणून धरतो ना आमी?" त्याच्यावरनं गेलो कोर्टात. खालच्या कोर्टात मी हरलो. आता माझ्या शेतात गाडी जायचीच बंद. देवणीचे बैल गोठ्यात बसून खाणार, आन् सोयाबीनची पोती मी डोक्यावर घेऊन नाल्यातनं आणणार.

वकील विशाखाताई म्हणल्या, "वर अपील करू. मुदतीच्या आत या." मी येतो म्हणलं, आन् त्याच आठवड्यात अंगात ताप भरला. शाळेतनं सुटलो तवर मुदत सरलेली.

शाळेत आमी दोघं दिवसभर त्या वाटंवरनं भांडायचो. मी खोकत आसलो की तो बोलायचा, तो खोकाय लागला की मी. दुसरं म्हंजे जेवण. जगदेवी शाळेच्या भिंतीवरनं एकच गठुडं द्यायची. धपाटे, ठेचा, दही. दोघात एक. मी खिडकीतनं म्हणलं, "माझं येगळं बांधत जा."

ती म्हणली, "का? मला दोन चुली हायत का?"

"तो आपल्यावर केस लढून राहिलाय."

"मग उपाशी राहून लढंल का? खावा गुमान."

शरणप्पाची खाट खिडकीजवळ. गठुडं आधी त्याच्या हातात. खरपूस धपाटे त्याला, मऊ मला.

तर मी पारावर ते राखणीचं बोललो. व्यंकटी सरपंच भला माणूस, हसला न्हाई. उलट म्हणला, "खरंच का? गाव तुला इसरणार न्हाई." मला वाटलं इसरंल. गाव इसरलं न्हाई. पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर माझं नाव पुकारलं. शाल, नारळ, आन् एक फ्रेम. फ्रेमवर 'कोरोना योद्धा'. शाळेचे पंखे आन् बाकडे जिवाची पर्वा न करता राखल्याबद्दल. टाळ्यात सगळ्यात जोरात शरणप्पा वाजवत व्हता. मला वाटलं, माणूस सुधारला. फोटोबी त्यानंच काढला.

मग गेलो उदगीरला विशाखाताईकडं. म्हणलं, "उशीर झाला."

त्या म्हणल्या, "झाला. पण आजारी होता ना? कोरोनाच्या दिवसातला उशीर कोर्ट माफ करतंय. खरं कारण शपथेवर लिहून द्यायचं."

मला ह्याचं लई नवल वाटलं. मी आजवर जिथं उशिरा गेलो तिथं बोलणी खाल्ली. बाजार समितीत, लग्नात, सासरवाडीला. आन् कोर्टासारखं कोर्ट म्हणतंय की ठीक हाय, कारण सांग. मी खुर्ची पुढं वढून घेतली.

"कुठल्या कुठल्या आजाराला माफी हाय?"

"आजार मोठा लागतो. माणूस उठू शकत नव्हता, असा."

"राग धरतेत का? मला राग आला की मी दोन-दोन दिस उठत न्हाई."

"राग धरत नाहीत."

"बैल आजारी पडला तर?"

"अपील बैलानं करायचं आसतं का, मल्लिनाथराव?"

"आन् माणूस मेला तर?"

"मग वारसाला वेळ मिळतो."

"म्हंजे मेल्यावर सवलत जास्त."

त्यांनी पाण्याचा गिलास माझ्याकडं सरकवला. म्हणल्या, "शाळेतनं सुटताना कागद दिला असंल. तो आणा."

कागद मी त्याच दिशी चुलीत घातला व्हता. त्याच्यावर माझं नाव आन् रोगाचं नाव शेजारी-शेजारी लिहिलेलं. तसं कुणी बघितलं म्हंजे?

ताईंनी डोळे मिटले. मग म्हणल्या, "गावातलं कुणीतरी सांगंल ना? सरपंच?"

गेलो व्यंकटीकडं. म्हणलं, "मी बिमार व्हतो असं सांगायचं."

तो म्हणला, "कसं सांगू? मी माईकवर बोललोय की तू राखण केलीस. साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या. आता मी खोटा का गाव खोटं?"

"मी खोटा," मी म्हणलं.

"ते तू सांग कोर्टाला," तो म्हणला. "योद्ध्याचं कोर्ट ऐकंल."

घरी यायला उशीर झाला. दारात जगदेवी. डोक्यात ती कोर्टाची माफीच घुमत व्हती, म्हणून बघावं म्हणलं घरात चालती का. मी म्हणलं, "माझा उशीर माफ कर. पाय दुखत व्हता."

"कुठला?"

"डावा."

"मग उजवा धरून का उभे हायत?"

(कोर्टानं असं इचारलं आसतं तर देशात एकबी अपील झालं नसतं.)

तारीख आली. विशाखाताईंनी माझं सगळं लिहून दिलेलं. अशील आजारी व्हता, शाळेत व्हता, उठता येत नव्हतं. राखणीचंबी लिहिलं की ते खोटं बोललेलं व्हतं, लाजंपोटी. मी मान खाली घालून उभा. तिकडनं शरणप्पाचा वकील उठला आन् फोटो पुढं केला. त्यात मी, शाल, नारळ, फ्रेम. वकील म्हणला, "साहेब, हा माणूस आजारी नव्हता. हा तिथं राखणीला होता. गावानं सत्कार केलाय."

जज्जसाहेबांनी चष्मा सारून फोटो बघितला. मग माझ्याकडं. मग परत फोटोकडं. माझ्या मनात आलं, गेली वाट. आता जल्मभर डोक्यावर पोती.

शरणप्पा मागं उभा राहून मान हलवत व्हता. साहेबांची नजर त्याच्यावर गेली.

"तुम्ही ह्यांना तिथं राखण करताना पाहिलं?"

त्याच्या वकिलानं त्याचा सदरा वढला, पण शरणप्पाला बोलायला मिळालं की तो थांबत न्हाई. त्याच्या घराण्यातच हाय. (जगदेवी त्याच घराण्यातली.) तो म्हणला, "पाहिलं म्हंजे? रात्रंदिस पाहिलं, साहेब. बाजूच्याच खाटंवर व्हता."

"खाटेवर?"

"हाव. पडून नुसती बडबड. मला झोपू दिलं न्हाई."

"राखण करणारा पडून होता?"

साहेबांनी इचारलं, "आणि तुम्ही तिथं कशासाठी होता?"

"मी बिमार व्हतो ना, साहेब. लई ताप. उठता येत नव्हतं."

"जेवण कोण द्यायचं?"

"माझी बहीन. भिंतीवरनं. आत यायची मनाई व्हती सगळ्याला. कोरोना झालेल्याबिगर कुणालाच आत सोडत नव्हते."

त्याच्या वकिलानं सदरा सोडून दिला आन् खाली बसला. साहेब खाली मान घालून काहीतरी लिहाय लागले, पण त्यांचे खांदे हलत व्हते. कोपऱ्यातला शिपाई बाहेर गेला आन् तिकडनं हसायचा आवाज आला.

मग साहेब म्हणले, "उशीर माफ. अर्ज मंजूर."

मंजूर ऐकलं आन् मी निघालो. विशाखाताई मागनं म्हणत व्हत्या, "थांबा, पुढचं ऐकून घ्या," पण जिंकल्यावर आणखी काय ऐकायचं आसतं? बसस्टँडजवळ पेढे घेतले. गावात उतरलो तसा हलगीवाला धरला. बैल धुतले, शिंगाला गोंडे बांधले, गाडी जुंपली आन् वाजत-गाजत वाटंला लागलो. निम्मं गाव मागं. कुणी इचारलं तर सांगत व्हतो, "वाट जिंकलो." जगदेवीबी गाडीमागनं चालत आली, तिला शेतात तूर बघायची व्हती.

काट्याच्या पल्याड शरणप्पा बांधावर बसलेला. तोबी आत्ताच कोर्टातनं आलेला, पण तोंड पडलेलं नव्हतं. मी पेढ्याचा पुडा काट्यावरनं त्याच्याकडं केला. त्यानं दोन घेतले.

"कशाचे पेढे, दाजी?"

"काटा काढ. वाट मंजूर झाली."

तो सावकाश पेढा चघळत व्हता. "वाट न्हाई, दाजी. तुमचा उशीर माफ झाला. आता अपील चालू व्हईल." मग दुसरा पेढा तोंडात घातला. "पेढा मात्र ताजा हाय."

हलगी थांबली. मी तिथंच फोन लावला.

"ताई, मंजूर नेमकं काय झालं?"

"तुमचं अपील आता घेतील. तेच सांगत होते, तुम्ही पळालात."

"म्हंजे मी जिंकलो का हरलो?"

"दोन्हीला आता परवानगी मिळाली."

"निकाल कवा लागंल?"

"ते कसं सांगू? कोर्टात कामं लई हायत. वर्षं जातील."

मी म्हणलं, "ताई, एक सांगा. मी उशीर केला तर मला कारण लिहून द्यावं लागतं. कोर्टानं उशीर केला तर त्यांनी अर्ज कुणाकडं द्यायचा?"

ताई म्हणल्या, "मला दुसरा फोन येऊन राहिलाय," आन् ठेवला.

मागची माणसं एकेक करून निघाली. पेढे तोंडात आसल्यामुळं कुणी काही बोललं न्हाई, तेवढं बरं झालं. मी, बैल आन् काटा राहिलो. मी शरणप्पाला म्हणलं, "तुला बघून घेतो." तो म्हणला, "बघा ना दाजी, काट्यातनं दिसतंय सगळं." मी गाडीतनं उडी मारणार, तेवढ्यात जगदेवी पुढं आली.

"शरणू, काटा सार."

"अक्का, केस चालू हाय."

"केस कुणावर चालू हाय?"

"दाजीची हाय."

"निकाल कुणाच्या इरोधात लागला?"

"दाजीच्या."

"त्यात माझं नाव हाय का?"

शरणप्पानं इचार केला. आभाळाकडं बघितलं. वकिलाला फोन करावा असंबी त्याच्या मनात आलं आसंल, पण त्या वकिलानं आज त्याचा फोन घेतला नसता.

"न्हाई," तो म्हणला.

"मग मी जाऊ शकते. सार."

जगदेवी गाडीत चढली. मला म्हणली, "सरका मागं." माझ्या हातातला कासरा घेतला. मला बोलायचं व्हतं. गाडी माझी, बैल माझे, केस माझी, शाळेत खोकलो मी. पण शरणप्पा काटा वढून बाजूला करत व्हता, आन् बैल त्या वाटंला पहिल्यांदाच एवढ्या दिसानं बघून कान हलवत व्हते. मी मागं सरकलो.

पल्याड लिंबाखाली शरणप्पाची म्हातारी बसलेली. तिला नीट दिसत न्हाई. चाकाचा आवाज ऐकून तिनं इचारलं, "कोण चाललंय रं?"

"अक्का चाललीय, आई. तिच्या शेतात."

"आन् मागं कोण बसलंय?"

शरणप्पानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. गाडी निम्मीच आत आलती, मागचं चाक अजून काट्याच्या अलीकडं.

"कुणी न्हाई, आई," तो म्हणला. "अक्काचा गडी हाय."

माझ्या तोंडात सात पिढ्याच्या शिव्या आल्या. मी त्या गिळल्या, पुढं वाकून बैलाची पाठ थोपटली, आन् म्हातारीला म्हणलं, "हाव, गडीच हाय. नवीन लागलोय."