निशाणी पेनाची निब

मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता तळगावकर गुरुजींच्या शाईपेनाने संप पुकारला. गुरुजींनी कागदावर 'श्री' काढायला घेतला, तर नुसता ओरखडा उमटला. पेन झटकलं तेव्हा एकच ठिपका पडला, आणि तोही सरलाताईंनी कालच धुतलेल्या पडद्यावर.

दुसऱ्या कुणीही दुसरं पेन घेतलं असतं. पण कसालच्या आतल्या बाजूला असलेल्या आंबेखोल गावात, वॉर्ड क्रमांक दोनमधून ग्रामपंचायतीला उभ्या राहिलेल्या या निवृत्त मुख्याध्यापकांची निवडणुकीतली निशाणीच मुळी 'पेनाची निब' होती. पंधरा दिवस ते हेच पेन घरोघर नाचवत फिरले होते. "ज्याला धड अक्षर नाही, तो गाव काय सांभाळणार," हे त्यांचं एकमेव भाषण. ते होतं समोरच्या बाबली मेस्त्रीसाठी. बाबली कसाल तिठ्यावर रिक्षा चालवायचा. त्याची निशाणी कपबशी, आणि अक्षर म्हणाल तर चिखलातून कुर्ली, म्हणजे खेकडी, चालत गेल्यासारखं. मतदान केंद्रात सुतळीला बांधलेल्या बॉलपेनाला आपण हात लावणार नाही, सही आपल्याच पेनाने करणार, असंही गुरुजी चारचौघांत बोलून बसले होते.

"अवो, कोमट पाण्यात घाला नि गप बसा," सरलाताई आतून म्हणाल्या. "शाय सुकली आसा. आपसूक सुटतली."

"सरला, पेन म्हणजे वाल नव्हेत भिजत घालायला." गुरुजी घरातसुद्धा छापील मराठी बोलत. "चाळीस वर्षं वापरतोय मी हे."

"म्हणान तर सांगतंय. चाळीस वर्षांत एकदा तरी धुतलात काय तां?"

गुरुजी पेन घेऊन खिडकीशी बसले. त्यांनी पेन उघडलं, पुढचा भाग सुटा केला आणि डाव्या हाताच्या तर्जनीच्या नखावर निब दाबली. अशाने फट मोकळी होते असा त्यांचा सिद्धांत होता. फट काही मोकळी झाली नाही. मग त्यांनी मागून फुंकर मारली. एकदा मारली, दोनदा मारली, आणि तिसऱ्यांदा गाल फुगवून अशी मारली की निब, तिच्याखालची काळी जीभ आणि आत अडकलेली सगळी शाई एकदमच बाहेर आली. निब कपाटाखाली गेली. शाई नखावर बसली.

ती शाईही साधीसुधी नव्हती. "ही पुसली जात नाही, सज्जनाच्या शब्दासारखी," असं ते वर्गात अभिमानाने सांगायचे. शब्द खरा ठरला. साबण झाला, लिंबू झालं, शेवटी भांडी घासायचं नारळाचं सोडण घेऊन गुरुजींनी बोट खरवडलं. कातडी लालभडक झाली, पण नखाच्या कडेची काळी-जांभळी रेघ जागची हलली नाही. सरलाताईंनी कपाटाखालून निब काढली आणि पेनाचे सगळे तुकडे कोमट पाण्याच्या वाटीत टाकले. "जावा आता. मत घालून येवा," एवढंच त्या म्हणाल्या.

मतदान केंद्र होतं गावच्या शाळेत, गुरुजींच्याच चौथीच्या वर्गात. नोकरीत असताना याच दारात ते रोज सकाळी पोरांची बोटं तपासत. बोटाला शाई दिसली की पोराचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात आणि पोर दिवसभर पडवीत. बाबलीचं नाव त्या कोपऱ्यात वर्षभर होतं. रोज लिहायचा कंटाळा म्हणून गुरुजींनी ते पुसणंच सोडून दिलं होतं.

आज आत बसल्या होत्या कणकवलीहून आलेल्या केंद्राध्यक्ष नम्रता मॅडम. "डावा हात दाखवा," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी हात पुढे केला. मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"तुमचं मतदान झालेलं दिसतंय."

"मॅडम, ही पेनाची शाई आहे."

"कुठं आहे पेन?"

"कोमट पाण्यात."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आणि बोट एवढं सोललंय कशानं?"

"सोडणाने. म्हणजे, शाई जावी म्हणून..."

"शाई पुसायचा प्रयत्न केलात तर."

उमेदवार म्हणून बाकावर बसलेला बाबली उठला. "म्याडम, सोडा त्येंका. गुरुजी मारतले, पण खोटा बोलूचे नाय. यादीत त्येंच्या नावार खूण खंय आसा?"

"यादी बघून मी सोडलंही असतं," असं म्हणत मॅडमनी फाईलीतून एक अर्ज काढला. "पण हा अर्ज आलाय. बोटावर कोणत्याही प्रकारचा डाग असलेल्या इसमास, त्याने काहीही कारण सांगितले तरी, मतदान करू देऊ नये. दिल्यास अर्जदार वरिष्ठांकडे दाद मागेल. चार पानं आहेत. सही तुमचीच ना?"

गुरुजींनी बोट मुठीत लपवलं.

"अक्षर फार सुंदर आहे," मॅडम अगदी मनापासून म्हणाल्या.

गुरुजी पडवीत येऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत ऐंशी वर्षांची शेवंती आजी मत देऊन बाहेर आली. तिला सहीसुद्धा येत नव्हती. अंगठा पुशीत तिने विचारलं, "गुरुजी, तुमका भायर कित्याक उभे केल्यानी?" गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन ते प्रथमच छापील मराठी विसरले. "सरला, माका मत घालूक देवक नाय गो," म्हणाले, आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुडाळला मोजणी झाली. बाबली मेस्त्री एकशे एकतीस. सत्यवान तळगावकर एकशे एकतीस. एक मत, फक्त एक मत जास्त पडतं तर गुरुजी गुलाल लावून घरी गेले असते. ते एक मत कुणाचं, हे दालनात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

"चिठ्ठी काढू या," अधिकारी म्हणाले. त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले आणि लिहायला घेतलं, तर त्यांचं बॉलपेन चालेना.

गुरुजींच्या खिशात सरलाताईंनी सकाळी धुऊन, पुसून, भरून दिलेलं पेन होतं. असल्या वेळीही त्यांना राहवलं नाही. "द्या इकडे," म्हणत त्यांनी दोन्ही नावं लिहिली. पेन असं चाललं की जणू कालचा दिवस उगवलाच नव्हता. रेघा सरळ, वेलांट्या गोल, कुठे फराटा म्हणून नाही. घड्या झाल्या, डबा हलवला, आणि महिला पोलिसाने एक चिठ्ठी उचलून अधिकाऱ्यांच्या हातात दिली.

"बाबली गंगाराम मेस्त्री."

बाबली पुढे झाला. ना नाचला, ना ओरडला. चिठ्ठीकडेच बघत राहिला. "गुरुजींनी माझा नाव इतक्या झ्याक कधी लिवूक नाय. फळ्यार रागान लिवायचे, ता असा वाकडा."

"खाली दोन्ही उमेदवारांनी सही करा," अधिकाऱ्यांनी निकालाचा कागद पुढे सरकवला.

बाबलीने टेबलावरचं शाईपेन उचललं, कुर्ली चालवली आणि ते अदबीने गुरुजींपुढे धरलं. गुरुजींनी निब कागदावर टेकवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच देवाकडे मागणं मागितलं की, बाबा रे, आता अडक.

पेन अडकलं नाही.